कुकरसाठी भंडारा, माणसासाठी मुंबई

१/
पवनीच्या एखाद्या गृहिणीने घेतलेला प्रेशर कुकर सदोष निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर तिने कुठे जावे? भंडाऱ्याला. जिल्हा ग्राहक आयोग तेथे आहे. नगरपरिषदेने माहिती अधिकारात मागितलेला कागद दडवला, तर? राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे. आणि त्याच गावात एखाद्या कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे, मुखवटा, दोर यांपैकी काहीही न देता मैल्याच्या टाकीत उतरवले, तर? मग पत्ता मुंबईचा. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर बसतो. भंडारा रोड स्थानकापासून ते टर्मिनस लोहमार्गाने सुमारे ९०० किलोमीटर.

आजचा धागा या ९०० किलोमीटरांविषयी आहे. त्यात इतिहास बराच येईल, पण भांडण वर्तमानाशी आहे.

२/
आधी पवनीविषयी. वैनगंगेच्या काठावरचे, वीस-बावीस हजार वस्तीचे हे गाव. घाट आणि मंदिरे यांमुळे त्याला विदर्भाची काशी म्हणतात, आणि बाहेरच्या माणसाची ओळख बहुधा तेथेच संपते. परंतु १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, सुलेमान टेकडीनेही तसाच पुरावा दिला. स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत विसमिता नावाच्या एका स्त्रीचे दान आहे, आणि ते सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो अशी इच्छा तिने सोबत नोंदवून ठेवली आहे.

ही बाई कोण, कुणाची, हे आपल्याला ठाऊक नाही. एवढेच दिसते, की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या गावातल्या एका स्त्रीला आपले नाव दगडावर कोरून घेता येत होते आणि त्या नावाखाली जे मागायचे ते सर्वांसाठी मागता येत होते. आज पवनीतल्या एखाद्या बाईला सर्वांसाठी काही मागायचे असेल, तर अर्ज कोणाच्या नावे लिहायचा इथपासून तिची अडचण सुरू होते.

३/
त्याच काळातला दुसरा दगड ओडिशात आहे, धौली येथे. अशोकाचा स्वतंत्र कलिंगलेख. हा लेख प्रजेला उद्देशून नाही. तो तोसली नगरीच्या महामात्रांना उद्देशून आहे, ज्यांना लेखात ‘नगलवियोहालक’ म्हटले आहे, म्हणजे नगराचा न्यायव्यवहार पाहणारे अधिकारी. आजच्या भाषेत नगरप्रशासन.

राजा त्यांना काय सांगतो? एखादा माणूस विनाकारण कैदेत पडतो, छळ सोसतो, आणि त्याच्यामुळे आणखी पुष्कळ लोक दुःखी होतात. हे का घडते याची कारणेही तो मोजतो: मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, सवयीचा अभाव, आळस आणि थकवा. (कोणत्याही कचेरीत दुपारी चारनंतर गेलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल.) मग तो नुसता उपदेश करून थांबत नाही. दर पाच वर्षांनी मी एक सौम्य स्वभावाचा अधिकारी तपासणीसाठी पाठवीन, उज्जयिनी आणि तक्षशिलेहून तो तीन वर्षांच्या आत निघेल, असे तो कळवतो. शिवाय हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी सर्वांना वाचून दाखवावा, ऐकणारा एकटा असला तरी वाचावा, अशी आज्ञा आहे.

४/
पाचव्या शिलालेखात तो धर्ममहामात्र नेमल्याचे सांगतो. त्यांची कामे पाहा: कैद्यांना साहाय्य, त्यांच्या बेड्या काढणे, ज्याच्यामागे लेकरे आहेत किंवा जो वृद्ध आहे त्याची सुटका. आणि त्यांचे कार्यक्षेत्र केवळ पाटलिपुत्र नव्हे, तर बाहेरची सारी नगरेही.

पवनीच्या दक्षिणेला, नागभीड तालुक्यातल्या देवटेक येथे एक शिलापट सापडला. त्यावरच्या जुन्या लेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या एका धर्ममहामात्राचा मानला. हे मत खरे धरले, तर असा अधिकारी या परिसरात प्रत्यक्ष येऊन आज्ञा कोरून गेला होता.

अशोकाला मानवी हक्कांचा आद्य पुरस्कर्ता ठरवण्याचा मोह कृपया टाळावा. तो सम्राट होता, हक्क देत नव्हता, कृपा करत होता, आणि याच लेखमालेत तो अटवीतल्या लोकांना धाकही घालतो. मुद्दा वेगळा आणि लहान आहे. अन्याय होतो तो नगराच्या पातळीवर, म्हणून तपासणीही नगराच्या पातळीवर पोहोचली पाहिजे, एवढे त्याच्या शासनाला कळले होते. आपल्या १९९३ च्या कायद्याला ते कळले नाही.

५/
मध्ये बावीस शतके टाकून महाडला येऊ. कारण ‘नगरपालिका आणि माणसाचा हक्क’ या विषयाचा महाराष्ट्रातला मूळ धडा महाडचा आहे, आणि तो आपण अर्धाच शिकवतो.

४ ऑगस्ट १९२३. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क पूर्ण झाला. तळ्यावर मात्र तीन वर्षे काहीही बदलले नाही. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहून सांगावे लागले, की ज्या संस्था हा ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान रोखा.

६/
१९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने घेतलेले पाणी, त्यानंतरची मारहाण आणि तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण हे सर्वांना माहीत आहे. पाठ्यपुस्तक तेथे थांबते. त्यानंतरची तारीख लक्षात ठेवा: ४ ऑगस्ट १९२७. त्या दिवशी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

७/
हे नीट पाहिले पाहिजे. हक्क काढून घेणारा कोणी सुलतान नव्हता. कायदेशीर नगरपालिका, कायदेशीर सभा, कायदेशीर बहुमत. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी माणसे त्या नगरपालिकेच्या कारभारात असूनही हे घडले. ज्या हाताने दिले त्याच हाताने परत घेतले, आणि दोन्ही वेळा इतिवृत्तात नोंद अगदी नियमाप्रमाणे झाली असणार. पुढे दिवाणी दावा, मनाईहुकूम, डिसेंबरातला सत्याग्रह स्थगित, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. ओंजळभर पाण्याला परिषदेपासून दहा वर्षे आणि ठरावापासून तेरा वर्षे लागली.

म्हणून ‘नगरसेवक लोकांनीच निवडून दिलेले असतात, त्यांच्यावर वेगळा हक्क आयोग कशाला’ असे कोणी म्हणाले, की त्याला महाडचा १९२७ चा ऑगस्ट दाखवावा. नगरपालिका हक्काची पहिली जागा आहे हे खरे. ती स्वतःच्या हक्कभंगाची न्यायाधीश होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

८/
आता स्वातंत्र्यानंतर. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या हद्दीत एका वस्तीतले लोक उघडी गटारे, मैला आणि दारूच्या कारखान्याचे सांडपाणी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला कामे करायला सांगितली. नगरपालिका अपील करत करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. तिचे मुख्य म्हणणे काय? पैसे नाहीत.

१९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले. त्यांच्या निकालाचा आशय असा, की शालीनता आणि प्रतिष्ठा हा मानवी हक्कांचा न सोडता येणारा भाग आहे आणि तो सांभाळणे हे नगरपालिकेचे पहिले काम आहे. तिजोरीची सबब त्यातून सुटका देत नाही. ज्याला आपण ‘स्वच्छता विभागाचा विषय’ म्हणून आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर ढकलतो, तो गटाराचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस नव्हे, १९८० मध्येच मानवी हक्कांच्या भाषेत मांडला. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांचा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. प्रतिवादी पुन्हा महानगरपालिकाच. (न्यायालयाने हक्क मान्य केला आणि घरे पाडण्याचा अधिकारही मान्य केला, हा त्या निकालाचा कडू भाग.)

९/
मानवी हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस कोठडी येते. यावी, तीही यावी. परंतु सामान्य माणसाची प्रतिष्ठा रोज जेथे घासली जाते ती ठिकाणे पाहा: नळ, गटार, सार्वजनिक शौचालय, स्मशानभूमी, बाजारातली बसायची जागा, जन्म-मृत्यूचा दाखला, अतिक्रमणाची नोटीस, सफाई कामगारांची हजेरी. यांतली बहुतेक सारी खाती नगरपरिषदेची. कोठडीत आयुष्यभर न गेलेला माणूस मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर कधी ना कधी बसलेलाच असतो.

१०/
१९९३ हे वर्ष या कथेत महत्त्वाचे आहे. १ जून १९९३ रोजी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय लिहिले गेले. त्यांतला नववा विषय वाचावा: समाजातील दुर्बल घटकांच्या, दिव्यांग व्यक्तींसह, हिताचे रक्षण. म्हणजे दुर्बलांचे रक्षण हा नगराच्या कारभाराचा विषय आहे, हे घटना स्वतः सांगते.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर १९९३ पासून, मानवी हक्क संरक्षणाची व्यवस्था अमलात आली. आधी वटहुकूम, मग अधिनियम. त्यात राष्ट्रीय आयोग आहे, राज्य आयोग आहे. जिल्हा नाही, नगर नाही. एकाच वर्षी एकाच संसदेच्या घरात जन्मलेली ही दोन भावंडे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नाही. एका कायद्याने गल्लीची जबाबदारी नगरपालिकेकडे दिली. दुसऱ्याने त्या जबाबदारीवरची देखरेख दिल्लीत आणि राजधानीत ठेवली.

११/
‘जिल्हा नाही’ यावर जाणकार लगेच कलम ३० काढतील. होय, त्या कलमानुसार राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमू शकते. परंतु मानवी हक्कभंगातून उद्भवणारे गुन्हे म्हणजे नेमके कोणते, हे कायदा सांगत नाही. त्या न्यायालयाची वेगळी कार्यपद्धतीही सांगत नाही. पाटी लावता येते, पाटीखाली काय चालवायचे ते लिहिलेले नाही.

१२/
आणि मुंबईच्या आयोगाला अधिकार काय आहेत? महाराष्ट्राचा आयोग २००१ मध्ये कामाला लागला. तो समन्स काढू शकतो, साक्षी घेऊ शकतो, अहवाल मागवू शकतो. शेवटी कलम १८ खाली तो शिफारस करतो: अमुक रक्कम द्या, अमुक अधिकाऱ्यावर कारवाई करा. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये अशा शिफारशी शासनावर बंधनकारक असल्याचे म्हटले, हे स्वागतार्ह आहे. पण शिफारस हा शब्द कायद्यातून गेलेला नाही. दुसरे कलम ३६: घटनेला एक वर्ष उलटले की आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही.

एक वर्ष. पवनीतल्या कंत्राटी कामगाराचा हिशेब मांडून पाहा. मुकादमाकडे दोन महिने, कंत्राटदाराकडे दोन, नगरपरिषदेच्या आवक-जावक विभागात एक पोचपावती, जिल्हाधिकारी कार्यालयातून ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारून अर्ज पुन्हा त्याच नगरपरिषदेकडे, मग दिवाळी, मग निवडणुकीची आचारसंहिता. मुंबईत असा एक आयोग आहे हे त्याला कळेपर्यंत वर्ष संपलेले असते. अर्ज टपालाने जातो आणि शुल्क लागत नाही, हे मान्य. पण हक्काची पहिली अट टपाल तिकीट नसते. आपल्यावर झाले ते हक्कभंग आहे असे कोणीतरी जवळच्याने सांगणे, ही असते.

१३/
भंडारा जिल्ह्याला तर या अंतराची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याआधीच्या दिवसांत झालेल्या मारहाणीची तक्रार पोलिसांपर्यंत गेलेली होती. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. ही दोन्ही प्रकरणे नगरपरिषदेच्या अखत्यारीतली नव्हेत, आणि ती एका माळेत ओवणेही योग्य नाही. मात्र दोन्हींनंतर चौकश्या, समित्या, मोर्चे, मंत्री, सर्व काही जिल्ह्यात आले. आधी, म्हणजे जेव्हा कोणी येऊन बघायला हवे होते तेव्हा, येणारे कोणी नव्हते. धौलीच्या लेखातला तो पाच वर्षांनी निघणारा अधिकारी मृत्यूची वाट पाहत नव्हता, एवढा फरक नोंदवून पुढे जाऊ.

१४/
आता पाणी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसेखुर्दच्या जलाशयात साचते. ते धरण पवनी तालुक्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली, २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प झाले. विस्थापितांच्या दोन पिढ्या त्या पुनर्वसनाच्या फायलीत गेल्या, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे एवढेच: एका महानगराची घाण खालच्या अंगाच्या लहान गावांच्या घाटांना येऊन लागते. १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणापासून प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मग नागपूरच्या नळातून गेलेल्या पाण्याचा जाब पवनीच्या वतीने कोणी विचारायचा? नगरपरिषद विचारू शकते, पण नागपूर महानगरपालिकेविरुद्ध उभे राहायला तिला राजकीय परवानगी लागेल. आणि ती परवानगी कधी मिळते हे पवनीकरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

स्थानिक हक्क आयोग नागपूरला हुकूम सोडू शकणार नाही, हे मी मान्य करतो. पण पाण्याचे नमुने, घाटावरच्या कोळ्यांचे आणि धोब्यांचे जबाब, दवाखान्यातल्या नोंदी हे सारे वर्षानुवर्षे एका ठिकाणी जमा करणारी संस्था तरी गावात असेल. आज तो पुरावा प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने जमवावा लागतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो.

१५/
बाहेर काय आहे? १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात दंगल झाली. पुढच्या वर्षी महापौर ला ग्वार्डिया यांनी ऐक्यासाठी एक समिती नेमली. सुरुवातीला ती सल्ला देण्यापुरती होती, आपल्याकडच्या शांतता समितीसारखी: चहा, भाषणे, आवाहन. हळूहळू तिला कायद्याचे बळ मिळत गेले आणि १९६२ मध्ये तिचे नाव शहर मानवी हक्क आयोग झाले. आज घर भाड्याने नाकारणे, नोकरीत भेदभाव करणे अशा तक्रारी तो स्वतः चालवतो आणि दंडही करतो. राज्य सरकारचा नव्हे, शहराचा आयोग.

१६/
दुसरे उदाहरण आपल्या जिव्हारी लागावे असे आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल नगर परिषदेने जातीच्या आधारावर भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव कायद्यात आणला. मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. अंमलबजावणी शहराच्याच नागरी हक्क कार्यालयाकडे. म्हणजे सिॲटलमध्ये एखाद्या माणसाला जात विचारून घर नाकारले, तर तो आपल्याच शहराच्या कचेरीत तक्रार करू शकतो. आणि ज्या महाराष्ट्रातून ‘जात’ या शब्दाचा दाह जगाला समजावला गेला, तेथे तशाच तक्रारीसाठी एकही नगरपरिषद स्वतःचे दार दाखवू शकत नाही. आमच्याकडे अत्याचार प्रतिबंधाचा कडक कायदा आहे, असे उत्तर येईल. आहे; आणि तो पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. घरमालकाने हसून ‘आमच्याकडे जागा नाही’ म्हटले, त्याची नोंद ठाण्याच्या कोणत्या पुस्तकात करायची?

१७/
आक्षेप एक: आणखी एक समिती? आहेत त्याच बसत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. पथविक्रेता कायदा २०१४ चा पाहा. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांतून निवडून द्यायचे आहेत. तो कायदा सर्वत्र नीट पाळला जातो असे मी म्हणणार नाही. पण भाजीवालीला हटवण्याआधी तिच्या प्रतिनिधीला विचारले पाहिजे, हे तत्त्व नगराच्या कारभारात एकदा शिरले. समिती बसत नसेल तर ‘का बसली नाही’ असे विचारण्याचा हक्क तरी तिला मिळाला. ज्या समितीत बाधित माणूस बसतो आणि ज्या समितीत फक्त अधिकारी बसतात, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

१८/
आक्षेप दोन: जिल्हाधिकारी आहेत ना? आहेत. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ते नगरपरिषदेचा ठराव तहकूबही करू शकतात. परंतु हे कलम कोणत्या भांडणांत वापरले जाते हे नगरपरिषदेच्या राजकारणात वावरलेल्या कोणालाही विचारा. निविदा, भूखंड, विषय समित्यांची सभापतिपदे. ठराव अडवायला ते आहे, न केलेला ठराव करवून घ्यायला ते नाही. आणि हक्कभंग बहुधा ठरावाने होत नाही. तो काहीच न केल्याने होतो. शिवाय मधली कित्येक वर्षे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासकच होते. म्हणजे करणारा अधिकारी, तपासणारा अधिकारी, आणि तक्रार ऐकणाराही अधिकारी.

१९/
आक्षेप तीन, दबक्या आवाजातला: असे आयोग निघाले की लोक ओळखपत्रे गळ्यात घालून वसुलीला लागतील. लागलेच आहेत! विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘मानवाधिकार’ अशी लाल अक्षरातली पाटी लावलेली गाडी दिसते. खासगी संस्था, भारदस्त नाव, अशोकस्तंभासारखे दिसणारे चिन्ह, आणि सभासदत्वाची पावती. खरा आयोग ९०० किलोमीटर दूर असल्यामुळेच खोट्या आयोगाचे दुकान चालते. रेशनचे दुकान बंद असले की काळाबाजार होतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

२०/
तर मागणी काय? संपूर्ण राज्यासाठी कायदा हवा, आणि तो करणे विधिमंडळाच्या हातात आहे. स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या नगरपरिषदा आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर या नगरपंचायती आहेत. प्रत्येकीला वेगळा आयोग परवडणार नाही म्हणून कोणी अडवेल, तर सातांना मिळून एक असावा, पण त्याची बैठक प्रत्येक गावी फिरावी. नेमणूक नगरपरिषदेने करू नये. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने करावी. विद्यमान नगरसेवक आणि कंत्राटदार त्यात नसावेत. किमान एक सदस्य सफाई काम केलेला असावा.

या शेवटच्या अटीवर मी अडून बसेन. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे; साधनांविना टाकीत उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. मेल्यानंतरची किंमत दोनदा ठरली. टाकीचे झाकण उघडण्याआधी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे अजून ठरायचे आहे, आणि तो ज्याने ती टाकी आतून पाहिली आहे त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला शोभणार नाही.

२१/
अधिकार: हजेरीपट मागवण्याचा, आगाऊ न कळवता पाहणी करण्याचा, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर घेण्याचा. उत्तर आले नाही तर ते प्रकरण पुढच्या सर्वसाधारण सभेचा पहिला विषय होईल आणि मोठ्याने वाचले जाईल. आयोगाने मान्य केलेला हक्क काढून घेणारा ठराव नगरपरिषदेने केला, तर तो न्यायालयाने तपासेपर्यंत अमलात येणार नाही. महाडमध्ये ४ ऑगस्ट १९२७ रोजी नेमके हेच एक कलम नव्हते.

२२/
कायदा होईपर्यंत? नगरपरिषदेला सल्लागार समिती नेमण्यापासून कोणी अडवलेले नाही. तिला दंड करता येणार नाही, पण १९४४ च्या न्यूयॉर्कच्या समितीलाही तो करता येत नव्हता. पवनीत, किंवा तुमच्या गावात, पुढच्या सर्वसाधारण सभेआधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे देण्यासाठी मसुदा खाली ठेवतो. नावे, तारखा भरून घ्या, पोचपावतीवर शिक्का घ्या.

‘ही सभा ठराव करते की, भारतीय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील विषय क्रमांक ९ अन्वये, नगरपरिषदेच्या हद्दीतील सफाई कामगार, पथविक्रेते, दिव्यांग व्यक्ती, निराधार स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी नगर हक्क समिती गठित करण्यात यावी, समितीत सदर घटकांचे प्रतिनिधी निम्म्याहून कमी नसावेत, समितीची बैठक दरमहा एकदा नगरपरिषद कार्यालयाबाहेर, वस्तीत व्हावी, आणि समितीपुढे आलेली प्रत्येक तक्रार, तिच्यावरील उत्तरासह अथवा उत्तराविना, पुढील सर्वसाधारण सभेत वाचून दाखविण्यात यावी, ऐकण्यास एकच नागरिक उपस्थित असला तरीही.’